वेचणाऱ्या बायांचं नागपूर

दर हिवाळ्यात राज्याची राजधानी मुंबईहून उठते आणि नागपूरला मुक्कामाला येते. दोन-तीन आठवडे राहते, कोवळं ऊन खाते, संत्री खाते, भांडते, हसते आणि परत जाते. नेमके त्याच दिवसांत घाटंजीकडच्या काळ्या रानात कपाशी फुटलेली असते. बोंडं तोंड उघडून उभी राहतात आणि वेचायला बायांचे हात लागतात. म्हणून तिथल्या बोरखडी गावचे पुरुष राजधानी पाहायला जायचे आणि बाया कापूस वेचायच्या. ही वाटणी कोणी केली होती हे कोणालाच ठाऊक नव्हतं, पण ती मोडायची कोणाला आठवणही झाली नव्हती.

पुरुष जायचे ते मोर्चाला. घाटंजीचे पुढारी बापूजी ट्रक पाठवायचे, झेंडे द्यायचे, दुपारची पुरी-भाजी द्यायचे. विठ्ठलरावांचा तर एकही हिवाळा चुकला नव्हता. परत आले की आठ दिवस ते पारावर नागपूर सांगायचे. रस्ते कसे, तर ताक सांडलं तर चाटून घ्यावं असे. महाराजबागेतला वाघ केवढा, तर बैलाएवढा. संत्र्यांचे ढीग कसे, तर गंजीसारखे. बाया पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन पारावरून जाताना हे ऐकायच्या आणि पुढं जायच्या.

वच्छलाबाई ही विठ्ठलरावांची बायको. अंगानं उंच, हाडापेरानं मजबूत, आवाज खालचा. गावात वेचणाऱ्या बायांची जी टोळी होती ती तिची म्हणून ओळखली जायची. स्वतःचं थोडं वावर वेचून झालं की टोळी दुसऱ्यांच्या शेतात जायची. कमरेला ओटी बांधायची, म्हणजे धोतराचं जुनं पान झोळीसारखं खोचायचं, आणि ओळीत शिरायचं. वच्छलाबाई नेहमी कडेची ओळ धरायची. दोन्ही हातांनी वेचायची, आणि तिच्या ओटीत पाल्याचा तुकडा सापडायचा नाही. पहिल्या वेचणीच्या दिवशी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा मान शेतमालक तिलाच द्यायचे. तिचा हात लागला की बरकत होते असं म्हणायचे.

तिचा एक स्वभाव होता. तिला तंटा करता येत नसे. एका वर्षी एका शेतात मालकाच्या भावानं टोळीतल्या, तांड्यावरच्या जमनीला पाण्याच्या माठाला हात लावू दिला नाही. जमनी चढ्या तोंडाची, ती बोलायला लागली. वच्छलाबाईनं तिचा हात धरला, आपली ओटी सोडली, शेताच्या कडेच्या धुऱ्यावर अंथरली आणि तिच्यावर बसली. तिचं पाहून एकेक बाई ओळीतून बाहेर आली आणि बसली. कोणी शब्द बोललं नाही. ऊन वर आलं. कपाशी तशीच उभी. शेवटी मालकाची बायको स्वतः माठ उचलून धुऱ्यावर घेऊन आली आणि पहिला गडवा तिनं जमनीच्या हातात दिला. बाया पाणी प्यायल्या, ओट्या बांधल्या आणि ओळीत शिरल्या. त्या दिवसापासून जमनी वच्छलाबाईच्या शेजारची ओळ सोडत नसे.

मग ती वाईट वर्षं आली. पेरलेलं उगवायचं, उगवलेलं फुटायचं, आणि फुटलेलं बाजारात गेलं की मातीमोल व्हायचं. कोणत्या गावात काय झालं हे सकाळच्या एसटीबरोबर कळायचं. आणि त्या बातम्यांच्या मागोमाग पाहुणे यायला लागले. पांढऱ्या गाड्या यायच्या. साहेब यायचे, कॅमेरेवाले यायचे, अभ्यास करणारी पोरं-पोरी यायची. ते घर पाहायचे, चूल पाहायचे, भिंतीवरचा हार घातलेला फोटो पाहायचे. चहा प्यायचे आणि जायचे. बोरखडीत पाहण्यासारखं काही आहे हे बोरखडीला तेव्हाच कळलं.

असंच एकदा ऐन वेचणीत एक मुलगी कॅमेरा घेऊन वावरात आली. वच्छलाबाई भरलेली ओटी रिकामी करून परतत होती.

"मावशी, परत एकदा ओटी बांधा ना. आणि वर आभाळाकडे बघा."

"आभायात काय हाय वो?"

"काही नाही. फोटो चांगला येतो."

वच्छलाबाईनं आभाळाकडे पाहिलं. फोटो झाल्यावर तिनं विचारलं, "तू कोन्या गावची?"

"नागपूरची."

"तथी पाहाले काय हाय?"

मुलगी हसली. असं तिला कोणत्या शेतात कोणी विचारलं नव्हतं. "आता हिवाळ्यात तर खूप आहे. अधिवेशन असतं, सगळं शहर नुसतं गजबजलेलं. महाराजबागेत जनावरं आहेत, फुलं आहेत. अंबाझरीचा तलाव आहे. बर्डीचा बाजार आहे. संत्री तर रस्तोरस्ती. या ना मावशी एकदा."

मुलगी गेली. वच्छलाबाईनं अख्खी एक ओळ वेचली. ओळ संपल्यावर जमनीला म्हणाली, "तिनं ये म्हनलं."

"ते म्हनाची रीत असते, बाई," जमनी म्हणाली. "ये म्हनलं अन गाडीत बसली. तिच्या घरी उद्या गेली तं दरवाजा नाई उघडन."

"आपुन कोनाले ये म्हनतो ते खोटं म्हनतो का?"

"आपली गोठ येगळी."

"कायले येगळी? त्यायनं आपलं घर पाह्यलं, चूल पाह्यली, दुःख पाह्यलं. आता आपुन त्यायचं गाव पाहू. पाहुनपन दोन्हीकून असते."

जमनीनं हातातला कापूस ओटीत टाकला. मग म्हणाली, "माह्या देराचा टेम्पो हाय. त्याले म्हनून पाहतो."

ठरलं ते असं. घाटंजीच्या बाजाराच्या दिवशी टोळीला सुट्टी असते, त्या दिवशी कोणाचं वावर अडत नाही. त्याच दिवशी जायचं. डिझेल बायांनी आपसात वर्गणी करून भरायचं. भाकरी ज्याच्या त्याच्या घरून.

रात्रीच्या जेवणाला वच्छलाबाईनं विठ्ठलरावांच्या कानावर घातलं.

"पिंटूची माय, लोकं काय म्हनतीन?" विठ्ठलराव घास हातातच धरून म्हणाले. "इथं कापसाचे असे हाल, अन बाया चालल्या मौज कराले."

"तुमी दरवर्सी जाता तवा कापूस का सोन्याचा होता?"

"आमी मोर्चाले जातो."

"वाघ कोनाच्या मोर्चात होता मंग?"

विठ्ठलरावांनी घास तोंडात घातला आणि विषय तिथंच सोडला. पण गोष्ट घाटंजीला पोचली. दोन दिवसांनी बापूजी स्वतः जीपमधून आले आणि अंगणातल्या बाजेवर बसले. माणूस वाईट नव्हता. गावासाठी पळायचा, कागद करून द्यायचा, दवाखान्यात गाडी न्यायचा. त्यानं प्रेमानंच सुरुवात केली.

"वच्छलाबाई, कल्पना चांगली हाय तुमची. पन असं करा, मोर्चातच या. त्याच दिवशी आपला मोर्चा हाय. ट्रक माझा, जेवन माझं. बाया पुढं असल्या की मोर्चाले वजन येते."

"मंग पाहाचं कवा?"

"निवेदन दिल्यावर."

"निवेदन देता देता दिवस बुडते, बापूजी. आमच्या घरचे लोकं दरवर्सी तसेच येतात. आमाले निस्तं पाहाले जाचं हाय. मागाले नाई."

बापूजींचा चेहरा गंभीर झाला. "या दिवसात गावच्या बाया निस्त्या पाहाले गेल्या, हे बरं दिसत नाई. दुःखाचे दिवस हायेत."

वच्छलाबाई उंबऱ्यात उभी होती. अंगणातल्या कोंबड्या पायाशी आल्या, त्यांना तिनं हातानं हाकललं.

"दुःख आमच्याच घरात राह्यते, बापूजी, आमाले मालूम हाय. ते राहीन एक दिवस घरी एकटं. कुठी पयून नाई जात ते."

बापूजींनी चहा घेतला आणि ते उठले.

बाजाराच्या दिवशी पहाटे देवसिंगचा टेम्पो पारापाशी लागला. देवसिंग हा जमनीचा धाकटा दीर, झोपाळू पण भला. बाया चढल्या. सगळ्यांनी ठेवणीतली लुगडी नेसली होती आणि सगळ्यांनी कमरेला ओट्या बांधल्या होत्या. पिशव्या नव्हत्या असं नाही. पण ओटीत भाकर-ठेचा टाकला की दोन्ही हात मोकळे राहतात, आणि परक्या गावात मोकळे हात बरे असतात, असं वच्छलाबाईचं म्हणणं पडलं. पांढरकवड्याच्या पुढं मोठा रस्ता लागला. हिंगणघाटच्या अलीकडं सूर्य वर आला आणि दोन्ही बाजूंची रानं पांढरीफटक दिसायला लागली. बाया आपल्या जागेवरून लोकांच्या शेतांना नावं ठेवत होत्या.

"हे कोनी वेचलं वो? अर्धा कापूस तं बोंडातच सोडला."

"रातची वेचली असन, घुबडायनं."

नवीन लग्न होऊन आलेली निकिता हसून हसून पुढच्या बाईच्या अंगावर पडत होती. तिनं माहेरी असताना यवतमाळ पाहिलं होतं, त्याच्या जवळच्या लोहाऱ्यापर्यंत गेली होती. त्यापुढं काही नाही.

आता चूक झाली ती इथं. देवसिंग दरवर्षी बापूजींच्या ट्रकमागून आपल्या टेम्पोत उरलेली माणसं घेऊन नागपूरला जायचा. त्याला नागपूर म्हणजे एक मैदान माहीत होतं, जिथं मोर्चे जमतात. बाकी नागपूर त्यानं कधी पाहिलं नव्हतं, कारण मैदानात गाडी लावली की तो झोपायचा. त्या दिवशीही त्यानं डोळे झाकून टेम्पो तिथंच नेला, झेंड्यांच्या आणि भोंग्यांच्या मधोमध उभा केला आणि अभिमानानं म्हणाला, "आलं नागपूर."

"वाघ कुठी हाय?" जमनीनं विचारलं.

"मले काय मालूम, भोजाई? मी इथीच राह्यतो."

बाया उतरल्या. लोकांचा लोंढा एका बाजूला चालला होता. एवढे लोक जाऊन राह्यले म्हणजे पाहण्यासारखं तिकडंच असणार, असं मानून बायाही त्यात चालायला लागल्या. पुढं बँड वाजत होता. कोणी टोप्या वाटत होतं. रस्ता खरंच चांगला होता आणि दोन्ही बाजूंच्या इमारती मान वर करून पाहाव्या लागत होत्या. चालता चालता लोंढा थांबला. समोर बांबू आणि लोखंडी कठडे, कठड्यापलीकडं पोलिसांची रांग. मागं वळून पाहावं तर मागंही माणसंच माणसं.

एका पोलीस बाईनं विचारलं, "कोणता मोर्चा?"

"मोर्चा नाई, बाई. महाराजबाग."

"महाराजबाग तर पलीकडे आहे. आता हा रस्ता बंद. संध्याकाळी मोर्चे उठल्यावर सुटेल."

"अन बाग कवा बंद होते?"

"पाचला."

बायांचे चेहरे उतरले. तेवढ्यात एका पेपरवाल्याचं लक्ष त्यांच्या ओट्यांकडे गेलं. एकसारख्या ओट्या बांधलेल्या, उन्हानं रापलेल्या बाया. त्यानं धावत येऊन फोटो काढला आणि शेजारच्याला म्हणाला, "बघ, काय कल्पना काढली आहे. कापूसवाल्या." मग आणखी दोघे-तिघे आले. आणि त्यांच्या मागून, घोषणा देत, बापूजी आणि बोरखडीचे पुरुष आले. विठ्ठलरावांच्या खांद्यावर झेंडा होता. बायकोला पाहून त्यांनी तो नकळत खाली केला.

"आल्या ना शेवटी," बापूजी म्हणाले. ते खरंच खूश झाले होते. "या, पुढं या. मंत्रीसाहेब शिष्टमंडळाले भेटनार हायेत. पाच जनायले आत सोडतात. दोन बाया आपल्या देऊ. वच्छलाबाई, तुमी या, अन आनखी कोनी."

निकिता कानाशी लागली. "काकू, जा ना. कोनाले तरी आतून पाहाले भेटन. नाई तं इथूनच घरी जा लागन."

हे खरं होतं. वच्छलाबाईनं कठड्यापलीकडं पाहिलं. रस्ता मोकळा, सावलीचा, रिकामा. तिला आत जाता येत होतं. बोरखडीच्या कोणत्याही माणसानं आजवर जे पाहिलं नव्हतं ते तिला आणि जमनीला पाहता येत होतं. आणि बाकीच्या बाया त्या उन्हात, दुसऱ्यांच्या झेंड्याखाली, दिवस बुडेपर्यंत उभ्या राहिल्या असत्या.

"बापूजी, आमी तुमच्या मोर्चाच्या नाई," ती म्हणाली. "दोघी पाहतीन अन बाकीच्या राह्यतीन, असं नाई होत. आलो सगळ्या, पाहू सगळ्या."

तिनं ओटीतली भाकर जमनीच्या हातात दिली, ओटी सोडली, डांबरी रस्त्यावर कठड्याला लागून अंथरली आणि बसली. जमनीला सांगावं लागलं नाही. मागोमाग सगळ्या बसल्या. आजूबाजूला घोषणांनी आभाळ दणाणत होतं आणि या बाया गप्प बसून समोर पाहत होत्या. काही वेळानं त्यांनी भाकरी सोडल्या. भोवतालच्या गोंगाटात तेवढी जागा इतकी शांत होती की पोलिसांचं लक्ष तिथंच जायला लागलं. शेवटी एक फौजदार आला. दिवसभर उभा राहून कंटाळलेला.

"बाई, निवेदन आहे का?"

"नाई."

"घोषणा?"

"नाई, साहेब."

"मग मागणी काय आहे तुमची?"

"मागनी नाई. महाराजबाग पाहाची हाय."

फौजदाराला वाटलं थट्टा चालली आहे. त्यानं एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. "तुमचा नेता कोण?"

"नेता गाडीत झोपला हाय," जमनी म्हणाली.

"आजच्या दिवशी इथं येणारा प्रत्येक माणूस काहीतरी मागायला येतो."

"म्हनून तं आमाले सोडा," वच्छलाबाई म्हणाली. "आमी काई मागत नाई. रस्ता हाय, रस्त्याच्या पल्याड बाग हाय. तुमच्या गावाले पाहुने आलो. तुमचे लोकं आमच्या गावाले येतात तवा आमी दोर बांधून उभे नाई राह्यत."

"तुम्हाला सोडलं तर मागचे सगळे म्हणतील आम्हालाही सोडा."

"त्यायले विचारा, बाग पाहाले कोन आलं. जे आले असतीन ते येऊ द्या."

फौजदार हसला नाही, पण त्याच्या मिशा हलल्या. तेवढ्यात बापूजी मध्ये आले. "साहेब, या आमच्याच बाया हायेत. आमच्याच मोर्चातल्या."

आता सगळा घोळ झाला. मोर्चातल्या म्हटल्यावर त्या कठड्याच्या अलीकडेच राहणार हे उघड होतं. फौजदारानं हातातली काठी बगलेत घेतली आणि बापूजींच्या मागं उभ्या असलेल्या माणसाला विचारलं, "काय हो, तुमच्यातल्या आहेत का या?"

तो माणूस विठ्ठलराव होता. त्यांनी बापूजींकडे पाहिलं. कित्येक वर्षं त्यांनी बापूजींच्या शब्दाबाहेर शब्द काढला नव्हता. मग त्यांनी रस्त्यावर बसलेल्या बायकोकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे पाहतही नव्हती, समोर पाहत होती.

"नाई साहेब," विठ्ठलराव म्हणाले. "ते माही बायको हाय. आमी मोर्चाचे हाओत. ते पाहाले आली."

फौजदारानं पोलीस बाईला बोलावलं, कठडा एका माणसापुरता सरकवला आणि म्हणाला, "एकामागे एक. आणि बागेपर्यंत सोडून या यांना. वाटेत कुठं बसल्या तर माझी नोकरी जाईल."

बायांनी ओट्या झटकल्या, बांधल्या आणि शेतात ओळीत शिरावं तशा एकामागे एक कठड्यापलीकडं गेल्या.

पलीकडचं नागपूर वेगळंच होतं. झाडांची सावली, झाडलेला रस्ता. एका ठिकाणी पोलीस बाईनं हात करून पांढरी इमारत दाखवली आणि हे विधानभवन असं सांगितलं. बाया थांबल्या. जमनी पुष्कळ वेळ पाहत राहिली. "एवढीच का?" ती म्हणाली आणि चालायला लागली.

बागेत मात्र त्या लवकर पुढं सरकल्या नाहीत. वाघ झोपला होता, तरी त्या उभ्या राहिल्या. तो एकदा उठला, पाणी प्यायला आणि परत झोपला, तेवढ्यानं निकिताचं समाधान झालं. एका कुंपणात रानडुक्कर होतं. त्याच्यापुढं पोरं टाळ्या पिटत होती.

"याले कायले बंद केलं वो?" एकीनं विचारलं.

"चांगलं केलं," जमनी म्हणाली आणि वाकून डुकराला म्हणाली, "माह्या जेठाचा भुईमूग खाल्ला ना? बस आता."

फुलांच्या ताटव्यांपुढं त्या फार वेळ उभ्या राहिल्या. एवढी जमीन, एवढं पाणी, आणि पेरलं काय तर नुसता रंग. हे त्यांना आधी चुकीचं वाटलं आणि मग हळूहळू चांगलं वाटायला लागलं. बाहेर आल्यावर त्यांनी संत्री घेतली, फुटपाथवर ओळीनं बसून सोलली आणि साली इकडंतिकडं न टाकता ओटीत ठेवल्या. येणारे-जाणारे पाहत होते. बाया त्यांना पाहत होत्या. कोणाची चप्पल कशी, कोणाचं चालणं कसं, कोण एकटंच बोलत चाललं आहे, याच्यावर वच्छलाबाईनंसुद्धा हसून घेतलं. दिवेलागणीला त्या विचारत विचारत मैदानात पोचल्या आणि त्यांनी देवसिंगला उठवलं.

ते साल काही सुधारलं नाही. पुढचंही सुधारलं नाही. पण दुसऱ्या हिवाळ्यात शेजारच्या दोन गावांतल्या बायांनी निरोप पाठवला की आम्हालाही यायचं आहे, आणि वच्छलाबाईनं या वेळी अंबाझरीचा तलाव धरला. गाडी कुठं लावायची हे देवसिंगला तिनं आधीच दोनदा समजावून सांगितलं.

निघायच्या आदल्या आठवड्यात विठ्ठलराव जेवता जेवता थांबले.

"पिंटूची माय, तलाव लय मोठा असन ना?"

"असन. पाह्यल्यावर समजन."

"मीबी आलो तं चालन का?"

वच्छलाबाईनं त्यांच्या ताटात भाकर वाढली. "चालन. मांगच्या बाजूले बसा लागन. अन बापूजीचा झेंडा वापस करून या, नाई तं आमाले फिरून कोनी अडवन."

विठ्ठलराव त्यानंतर जेवले ते नेहमीपेक्षा एक भाकर जास्त. दुसऱ्या दिवशी घाटंजीला जाताना त्यांनी कोपऱ्यातला झेंडा घेतला, त्याच्यावरची धूळ झटकली, नीट घडी घातली आणि बगलेत धरून एसटीची वाट पाहत पारावर उभे राहिले.